दोन वर्षांनी लहान

कागदावर मी अजून एकोणपन्नासचा आहे.
गुडघा एक्कावन्नचा,
आणि गुडघ्याला कागद वाचता येत नाही.

मस्जिदे-सुलेमानच्या टेकड्यांखालचं तेल
संपत आलं तेव्हा आम्ही पोरं होतो.
जमिनीतून गॅस यायचा, नासक्या अंड्याचा वास.
पाहुणे नाक धरायचे,
आम्ही त्याच वासात धापा टाकायला शिकलो.
कंपनीचे गंजके पाइप उभे केले की गोलपोस्ट.
आडवा पाइप नव्हताच,
त्यामुळे बॉल उंचावरून गेला की भांडण.

अहवाजचा एक माणूस आला.
पांढरी पेयकान गाडी, खिशाला दोन पेनं.
म्हणाला, लोहरास्प चांगला आहे, पण जरा मोठा आहे.
लहान करता येईल.
आईने चहा दिला.
बाबांनी साखरेचा खडा दातांत धरला,
पेला रिकामा होईतो बोलले नाहीत.
मग म्हणाले, करा.

गेली दोन वर्षं.
कुठली दोन, ते कुणीच ठरवलं नाही.
मीच मग बकरी मेली ते वर्ष देऊन टाकलं,
आणि विमानं आली ते.
गोलनिसा माझ्याहून वर्षाने धाकटी,
कागदावर तेव्हापासून थोरली.
अजून फोनवर मला बाळ म्हणते.

लेफ्ट बॅक. चौदा सीझन, चार क्लब,
एक पोलादवाल्यांचा, एक सिमेंटवाल्यांचा.
सिमेंटवाल्यांनी एकदा पगार म्हणून सिमेंटच दिलं,
चाळीस पोती.
सासऱ्यांच्या न्हाणीघराचं छत त्यातलं.
अजून गळत नाही.
माझ्या कारकिर्दीतलं तेवढं टिकलंय.

तेहरानच्या मोठ्या स्टेडियमवर एकदाच.
माणसं किती होती विचारू नका,
मला आठवतो तो माझ्या बाजूच्या रेषेवरचा ओला चुना.
त्या मॅचची चित्रफीत हातमने कुठूनशी शोधून काढली.
मोबाइलवर सगळी पोरं वाकलेली.
मी दिसतच नाही.
बॉल जिथे, कॅमेरा तिथे,
आणि लेफ्ट बॅकचा जन्म जातो बॉल नसतो तिथे.
हातमने काचेवर बोट ठेवलं,
"आगा, ही सावली तुमची."
कडेकडेने धावत येत होती.
माझीच. उजवा खांदा जरा पडलेला.

आता सव्वीस पोरं, पाच बॉल,
मैदान म्हणजे खडी.
मी एकच गोष्ट शिकवतो, रोज, घसा बसेपर्यंत:
बॉल यायच्या आधी मान वळवा.
आल्यावर वळवून काय उपयोग, तेव्हा उशीर झालेला असतो.
हातमला सांगावं लागत नाही.
तो मागे बघतो,
कुणी हाक मारल्यासारखा.

गेल्या महिन्यात एक माणूस आला.
पेयकान नव्हती, पेनंही नव्हती,
सगळं मोबाइलमध्ये.
वाक्य मात्र तेच, एक काना इकडचा तिकडे नाही.
प्रशिक्षकाची सही लागेल म्हणाला.
मी साखर दातांत धरली.
ती विरघळायला किती वेळ लागतो
हे मला त्या दिवशी कळलं.
नाही म्हणालो.

संध्याकाळी हातमचा बाप आला, वेल्डर माणूस,
डोळे लाल, ते कामाने की माझ्यामुळे, ठाऊक नाही.
"तुम्हाला चाललं ना? मग माझ्या पोराला का नाही?"
गुडघा दाखवावा असं मनात आलं.
पण त्या गुडघ्यावरच तर माझं घर उभं राहिलं,
लेकीचं कॉलेज झालं,
ते छतसुद्धा.
मी उभाच राहिलो.
तो गेला.

हातम नऊ दिवस फिरकला नाही.
दहाव्या दिवशी आला,
खाली बसून नाड्या बांधत म्हणाला,
"आगा, तुमचा वाढदिवस कधी असतो?"
"कुठला?"
हसला नाही. बोटांवर काहीतरी मोजत राहिला.
तेवढ्यात कुणीतरी बॉल उतारावर सोडला,
नाल्याच्या बाजूला,
आणि मी ओरडायच्या आत
त्याने मान वळवलेली होती.